रंगाखालची भिंत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या माहेरच्या घराची एक भिंत मी बिघडवली. त्या भिंतीविषयी आणि तिच्या निमित्ताने आपल्या घरांच्या रंगांविषयी आज थोडे बोलायचे आहे.

घर सातारा जिल्ह्यातले, सव्वाशे वर्षांहून जुने. दगडी जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, पुढे सोपा, आत माजघर. २०१८ साली भाच्याच्या मुलीचे लग्न ठरले आणि सोप्याला रंग काढायचे निघाले. खर्च मी करणार होते, त्यामुळे रंगही मीच ठरवला. फिकट क्रीम रंगाचा ऑईल पेंट, पुसता येईल असा. गावातले रंगारी मिस्त्री भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, ‘‘आत्या, ही चुन्याची भिंत हाय. हिला ऑईल पेंट सोसायचा न्हाई. चुनाच मारू, वाटलं तर रंग टाकू त्यात.’’ मी म्हटले, ‘‘लग्नघराला चुना? पाहुणे काय म्हणतील?’’ मिस्त्री पुढे काही बोलले नाहीत. लग्नात भिंती आरशासारख्या चकाकत होत्या आणि मला माझ्या निवडीचे कौतुक वाटत होते.

२०१९ चा पावसाळा आमच्या भागातले कोणी विसरलेले नाही. जुन्या मातीच्या भिंती जमिनीतून थोडी ओल ओढतातच. चुन्याच्या भिंतीतून ती हळूहळू हवेत निघून जाते. माझ्या चकचकीत रंगाने ती वाट बंद केली होती. गणपतीत रंगाला फुगे आले, दिवाळीपर्यंत पोपडे सुटले आणि दाराशेजारचा मोठा तुकडा गिलाव्यासकट खाली आला.

तो झाडून टाकताना करंजीएवढा एक तुकडा मी हातात घेतला. कडेने पाहिले, तर चिरोट्याला असतात तसे पापुद्रे. वर माझा क्रीम रंग, त्याखाली पिस्ता, त्याखाली निळ्याचे काही थर, मग पांढरेच पांढरे कितीतरी, मग एक पिवळट थर आणि अगदी तळाशी मातीला चिकटून तांबडा. भिंग घेऊन मोजायला बसले. तिसाच्या पुढे मोजदाद चुकली. जन्मभर इतिहास शिकवला, पण बखरी आणि दप्तरे यांच्या बाहेर, ज्या भिंतीला पाठ टेकून मी वाढले तिच्यात इतके काही लिहून ठेवलेले असेल, हे कधी मनात आले नव्हते.

तळाचा तांबडा थर म्हणजे काव, म्हणजेच गेरू. त्यावरचा पिवळट थर पिवडीचा. दोन्ही लोहयुक्त माती; जमिनीतून खणायची, कुटायची, पाण्यात कालवायची. आपल्याकडे रंग म्हणजे मुळात मातीच होती आणि ही परंपरा घरापुरती नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुना असेच रंग वापरले. हे बहुतेक सगळे आसपास मिळणारे. निळ्यासाठी मात्र त्यांना लाजवर्द हा दगड वापरावा लागला आणि तो येत असे थेट आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून. निळ्याची ही दुर्मिळता लक्षात ठेवा, कारण आमच्या भिंतीवर तो पुढे पुडीतून आला.

सारवलेली भिंत, तिला कावेचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी रेघ, एवढ्या साहित्यावर वारली बायकांनी लग्नाचा चौक उभा केला. आज पालघर जिल्ह्यात येणाऱ्या डहाणूच्या पट्ट्यात हा चौक सवाष्णी काढत. लग्न झाले, पाऊस आला की चित्र पुसट होई. पुढच्या लग्नाला पुन्हा नवे. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी तिथे कागद आणि रंग नेले, ही कला भिंतीवरून कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर झाले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे मोठे कलावंत, यात शंका नाही. पण भिंतीवरची कला कागदावर येताच ती बायकांच्या हातून बरीचशी पुरुषांच्या हाती गेली, हेही नोंदवायला हवे. सारवणे आणि भिंतीला हात देणे हे घरचे काम होते तोवर ते बायकांचे होते. त्याचे पैसे मिळू लागले की माणसे बदलतात.

कोकणात आणि गोव्यात या काव्यामातीचे आणखी देखणे रूप दिसते. तिथे ओल्या चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा थर देतात आणि तो वाळायच्या आत टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. तांबड्यात पांढरी वेलबुट्टी, पांढरी कमळे. देवळांच्या भिंतींवर ही कावी कला अजून पाहायला मिळते. घरोघरी मात्र गणपतीच्या आधी मखरामागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवायची, ही रीत होती. सुतार, शिक्षक, मुंबईहून आलेला चाकरमानी, ज्याचा हात चांगला तो रंगवी. पुढच्या वर्षी त्यावर चुना आणि नवे चित्र.

आता मधले ते पांढरे थर. आमच्या तुकड्यात तेच सर्वांत जास्त आहेत आणि माझ्या मते सर्वांत बोलकेही तेच. चुन्याला आपण फार स्वस्त करून टाकले आहे; कुणाला चुना लावणे म्हणजे फसवणे. पण चुन्याची करामत पाहा. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बनी वायू निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, इतका तापतो की हात भाजतो. हा विरवलेला चुना पाण्याखाली ठेवायचा, जितका जुना तितका चांगला. भिंतीला लावला की तो हवेतला तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे कुंच्याने आपण भिंतीवर पातळ केलेला दगडच लावत असतो. तो वरवर चिकटलेला नसतो, भिंतीशी एकजीव होतो आणि तरी तिची छिद्रे बुजवत नाही. कोकण किनाऱ्यावर चुनखडीऐवजी शिंपले भाजत. गिलाव्याच्या चुन्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर घालत आणि तो बैलाच्या घाण्यात दगडी चाकाखाली घोटत. वाईचा मोतीबाग वाडा, शेजारी मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, इथे भिंतींवर उत्तर पेशवाईतली चित्रे आजही दिसतात. ती टिकली, त्यामागे चित्रकाराचा हात आहे तसा त्या घोटलेल्या चुन्याचाही आहे.

आमच्या घरात चुना दिवाळीच्या आधी असे. अंगणात पिंप, त्यात रात्री विरवलेला चुना, सकाळी फडक्यातून गाळलेला, चिकटपणासाठी थोडा सरस किंवा डिंक आणि घायपाताचा ठेचलेला कुंचा. मोठी माणसे वरची भिंत करत, मुलांना खालची दोन हात. तळाशी वीतभर कावेचा पट्टा. झाडताना, सारवताना भिंतीचा पायथा मळतो, म्हणून तो आधीच तांबडा करून टाकायचा. सजावटीची इतकी साधी आणि सोयीची कल्पना मला नंतर कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

पण भिंगाखाली एक गोष्ट खटकत होती. पांढऱ्या थरांत एक थर इतरांच्या दुप्पट-तिप्पट जाड होता, ओबडधोबड, घाईने फासलेला. तो पाहताना मला आजी आठवली. तिच्या तोंडी एक शब्द होता, ‘सरकारी चुना’. लहानपणी आम्हाला तो विनोद वाटे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग निघाला. पुढच्या वर्षी तो पुण्यात आणि आमच्या बाजूला पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. हाच कायदा सरकारने २०२० च्या करोनात पुन्हा काढला. मुंबईत घरांची कौले उतरवली, जमिनी खणल्या, भिंतींना चुना फासला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरे रंगवली. पुण्यात रँडसाहेबाच्या कारकिर्दीत गोरे शिपाई झडतीला घरात शिरत, माजघर-देवघर न पाहता सामान बाहेर काढत, मागून निर्जंतुक करणारे आणि चुना मारणारे. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळीत झाला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या इतिहासात चुन्याच्या बादलीचा उल्लेख आपण सहसा करत नाही.

चुना जंतुनाशक, हे खरेच आहे. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोगाने दाखवले ते १८९८ साली आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर भिंती पांढऱ्या होत राहिल्या आणि उंदीर या घरातून त्या घरात जात राहिले. पुढच्या काही दशकांत या रोगाने देशभरात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

आजी सांगे, तिच्या लहानपणी प्लेगची लाट आली की गाव ओस पडे. माणसे माळावर झोपड्या घालून राहत. परतल्यावर दार उघडायचे, तर आतून सगळे पांढरे, देवघराच्या कोनाड्यापर्यंत. कोणी आत येऊन गेले ते कळत नसे, फक्त चुना दिसे. आजीच्या दोन नणंदा माळावरून परतल्या नाहीत. ‘सरकारी चुना’ या शब्दाला ती हसत नसे, हे मला त्या थरावर बोट ठेवल्यावर उमगले. हा थर नेमका त्याच वर्षांतला, असे सिद्ध करण्याचे साधन माझ्याकडे नाही. इतिहासाच्या विद्यार्थिनीने एवढे कबूल करायलाच हवे. पण घरच्या माणसाने इतका जाड, इतका बेफिकीर हात मारला असता, असे वाटत नाही.

पांढऱ्यानंतर निळा. फ्रान्समध्ये १८२४ साली कृत्रिम लाजवर्द स्वस्तात करून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले गेले आणि १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मिळवले. ज्या रंगासाठी अजिंठ्यात दगड दूरदेशाहून येत होता, तो आता कारखान्यात पोत्यांनी निघू लागला आणि पुढे कपड्यांची नीळ होऊन आपल्या वाण्याकडे पोचला. चुन्यालाही तो मानवला. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही, तांबूस पडतो, हा टिकतो. पांढऱ्या चुन्यातला पिवळेपणा मारायला आधी चिमूटभर नीळ टाकत. मग कोणीतरी मूठभर टाकली आणि खोलीच आभाळी झाली. निळ्या भिंतीवर डास बसत नाहीत, असे आई म्हणे. डास बसत, पण खोली गार वाटे.

माझ्या लहानपणी आमचा सोपा निळा होता. आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत १९५६ नंतर घरे निळी होऊ लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केले, त्याचा झेंडा निळा होता. नागपूरच्या धर्मांतरानंतर तो रंग भिंतींवर आला. नीळ त्याच वाण्याकडची, त्याच पुडीतली. आमच्याकडे ती गारव्यासाठी होती. तिथे ती आपण कोण आहोत हे सांगत होती. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. पुढच्या दिवाळीत आमचा सोपा निळा झाला नाही, पिस्ता झाला. घरात त्यावर कोणी काही बोलले नाही. मोठेपणी मी काकांना विचारले, तर म्हणाले, ‘‘पिस्ता उजेडाला बरा.’’ असेलही. पण तुकड्यात निळ्याचे सात-आठ थर आहेत आणि त्यानंतर एकही नाही. काकांचे उत्तर मला तेव्हाही पटले नव्हते आणि भिंगाखाली तर मुळीच पटले नाही.

पिस्ता रंग हा डिस्टेंपर. खडूची भुकटी, रंग आणि सरस. पुडी आणायची, पाण्यात कालवायची. चुन्याने हात फाटत, याने फाटत नसत आणि छटा हव्या तितक्या. पाठ टेकली की सदरा पिस्ता होई, एवढाच दोष. रंगांचे कारखाने आपल्याकडे त्याआधीच निघाले होते. हावड्याचा शालिमार १९०२ चा, लोअर परळचा गहागन, जो पुढे नेरोलॅक झाला, तो १९२० चा. पण घरोघरी रंग पोचवण्याची गोष्ट सुरू होते ती १९४२ मध्ये गिरगावच्या गायवाडीत. महायुद्धामुळे परदेशी रंगाची आयात अडली होती, तेव्हा चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी एक मुलगा काढला. कपाळावर झुलपे, हातात कुंचला आणि रंगाचा डबा. त्याचे नाव वाचकांकडून स्पर्धेने ठरले, गट्टू. हा खोडकर गट्टू तालुक्याच्या हार्डवेअर दुकानापर्यंत आला आणि त्याच्या मागे रंग. चुना विरवणे, गाळणे यांत सगळे घर दोन दिवस गुंतत असे. डबा आला, रंगारी आला, घरचे बाजूला झाले.

त्यात मजाही होती, हे नाकारू नये. सत्तर-ऐंशीच्या दशकांत भिंतीच्या मध्यावर वेलबुट्टीची पट्टी काढायची टूम होती. आमचे मिस्त्री जुन्या एक्स-रे फिल्मवर ब्लेडने फुले कापून साचा करत आणि कापडाच्या बोळ्याने रंग टिपत. आमच्या माजघरातली मोगऱ्याची वेल कुणाच्या तरी मोडलेल्या बरगड्यांतून उमलली होती. शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांत खाली छातीइतका ऑईल पेंट, वर डिस्टेंपर. डाग पुसता यावेत म्हणून. काव्याच्या वीतभर पट्ट्याचाच हा वाढलेला भाऊ.

या तैलरंगांत जगभर शिसे वापरले गेले. पांढरा सफेदा शिशाचा आणि मारुतीचा शेंदूरही शिशाचाच. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, हे कळूनही आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला कायद्याने लगाम बसला तो २०१६ च्या नियमांनी, १ नोव्हेंबर २०१७ पासून. दहा लाख भागांत ९० भाग, एवढीच मर्यादा. जुन्या खिडक्यांचा रंग खरवडताना नाकातोंडाला फडके बांधा आणि लहान मुलांना दूर ठेवा, एवढे आवर्जून सांगते. पॉलिशपेपरने कोरडे घासू नका, आधी ओले करा.

आता माझ्या भिंतीचे. ती दुरुस्त करायला २०२२ उजाडले. जुने मिस्त्री थकले होते. त्यांचा मुलगा आला. मी म्हटले, ‘‘चुनाच मारायचा.’’ तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. पण ऑईल पेंट काढायचा म्हणजे खरवडणे आले आणि त्यासोबत खालचे थरही जाणार होते. ते वेगळे करता येत नाहीत. पिस्ता, निळा, सरकारी चुना, पिवडी, सगळे चार दिवसांत घमेल्यात गेले. दाराआडची वीतभर जागा तेवढी मी खरवडू दिली नाही.

चुन्याचा पहिला हात ओला असताना काही दिसत नाही, नुसते पाणी मारल्यासारखे वाटते. भाच्याची मुलगी, जिच्या लग्नासाठी हे सगळे झाले होते, ती बाळाला घेऊन आली होती. तिने विचारले, ‘‘आत्याआजी, यात रंग कुठला टाकायचा?’’ मी म्हटले, ‘‘या खेपेला तू सांग.’’ ती म्हणाली, ‘‘निळा.’’ तिला यातले काही ठाऊक नव्हते. मी सांगितले, तिने ऐकून घेतले आणि पुन्हा म्हणाली, ‘‘मग तर निळाच.’’

पिंपभर चुन्याला नीळ किती घालायची, हे नेमके सांगू शकेल असे घरात कोणी उरले नव्हते. मिस्त्रींच्या मुलाने वडिलांना फोन लावला, त्यांनी सांगितली तेवढी घातली. वाळल्यावर रंग फारच फिका निघाला, म्हणून तिसऱ्या दिवशी आणखी एक हात दिला.